शमीवरील शस्त्रे आणि घरातील बंदूक

आश्विन शुद्ध नवमी म्हणजे खंडेनवमी, शस्त्रपूजनाची तिथी. या दिवशी पाटावर वस्त्र अंथरून कोणी तलवार मांडतो, कोणी कोयता, कोणी नांगराचा फाळ. ज्या घरी पीकरक्षणासाठी वा आत्मरक्षणासाठी परवान्याची बंदूक आहे, तेथे तीही त्या पाटावर येते. दुसऱ्या दिवशी आपण शमीचे पूजन करतो. परंतु या दोन दिवसांतील नाते आपल्या ध्यानात राहते काय?

महाभारताच्या विराटपर्वात अज्ञातवासास निघालेल्या पांडवांनी आपली आयुधे शमीवृक्षावर ठेवली, ही कथा सर्वश्रुत आहे. तिचा तपशील मात्र कीर्तनातही घाईत निसटून जातो. पांडवांनी प्रथम धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरविल्या, गांडीवाचीही उतरविली. मग नकुलाने वर चढून, पाऊस लागणार नाही अशा जागा पाहून, ती आयुधे घट्ट बांधली. वृक्ष स्मशानाजवळचा, त्यात भर म्हणून त्यावर एक प्रेत बांधले, म्हणजे दुर्गंधीने कोणी जवळ फिरकू नये. शस्त्र आधी निष्क्रिय करावे, मग सुरक्षित स्थळी बांधावे, आणि परक्या हातांची वाट बंद करावी, असे हे तीन संस्कार आहेत. बंदूक बाळगणाऱ्या गृहस्थाला आजही याहून निराळे काही करावयाचे नसते.

प्रत्यंचा उतरविणे म्हणजे बंदूक रिकामी करणे. ती घरात आणताच, नळीचे तोंड माणसांपासून दूर ठेवून, काडतुसे काढावीत आणि नळीचा मागील भाग डोळ्यांनी पाहून व बोटाने चाचपून खात्री करावी. ठासणीची बंदूक टोपी काढल्याने रिकामी होत नाही. नळीत दारू शिल्लक असेल तर ती भरलेलीच समजावी.

शमीवर बांधणे म्हणजे कुलूपबंद करणे. भिंतीला वा जमिनीला पक्के जखडलेले पोलादी कपाट सर्वांत उत्तम. दुनळी बंदुकीच्या नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करून ठेवता येतात. चापावर बसणारे कुलूपही मिळते. काडतुसे दुसऱ्या कपाटात, दुसऱ्या कुलपात असावीत. चामड्याच्या वा कापडी म्यानात बंदूक पावसाळाभर ठेवू नये. म्यान ओल धरते आणि नळी गंजते. नळी पुसून, तेलाचा हलका हात फिरवून कोरड्या जागी ठेवावी.

तिसरा संस्कार किल्लीचा. देव्हाऱ्यामागे, खुंटीवर किंवा धान्याच्या डब्यात लपविलेली किल्ली ही मुलांपासून लपलेली नसते. घरातील मुलांना घरातील सर्व जागा ठाऊक असतात. किल्ली परवानाधारकाच्याच जवळ असावी.

पुष्कळ वर्षांपूर्वी नवरात्रातील कीर्तनासाठी एका गावी गेलो होतो. खंडेनवमीच्या सकाळी यजमानांनी दुनळी बंदूक बाहेर काढली, उघडली, स्वतः पाहिली आणि सूनबाईंच्या समोर धरून म्हणाले, ‘तूही पाहा.’ मला नवल वाटले. ते सांगू लागले, ‘बुवा, माझ्या लहानपणी याच दिवशी, याच ओटीवर, रिकामी म्हणून मांडलेली बंदूक उडाली. धाकट्या भावाचा हात गेला. तेव्हापासून या घरात दोन माणसांनी पाहिल्याखेरीज बंदुकीला हळदकुंकू लागत नाही.’

म्हणून पूजेचा दिवस हाच अधिक सावधतेचा दिवस होय. वर्षभर कुलपात असलेले शस्त्र त्या दिवशी मुलाबाळांत येते. काडतुसे पाटावर मांडू नयेत. निरांजन आणि कापूर यांच्या जवळ दारू नको. नळीत अक्षता वा पाणी जाऊ देऊ नये, चापाभोवती हार गुंतवू नये. आरती होताच शस्त्र परत कुलपात जावे. आनंदाच्या भरात हवेत बार काढण्याला तर 2019 च्या दुरुस्तीने कायद्यातच शिक्षा सांगितली आहे: दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कर्नाटकातील कोडगूमध्ये कोडव समाज कैलपोळ्द या सणाला बंदुकांना फुले वाहून त्यांचे पूजन करतो. भातलावणीच्या दिवसांत शस्त्रे देवघरात ठेवून द्यावयाची आणि सणाला ती पुन्हा हाती घ्यावयाची, अशी तेथील रीत. शस्त्र हाती घेण्याला जसा काळ असतो, तसा ते ठेवून देण्यालाही असतो, हे त्या समाजाने जाणले.

आपल्याकडे 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना मागतानाच सुरक्षित साठवणुकीची लेखी हमी द्यावी लागते. ती हमी कागदावर राहू नये. दीर्घ प्रवासास निघताना, किंवा घरातील कोणाचे मन शोकाने, रोषाने वा व्यसनाने ढळलेले असता, बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. त्यात कमीपणा कसला? प्रत्यक्ष अर्जुनाने गांडीव वर्षभर दूर ठेवले. त्याने त्याचे क्षात्रतेज उणे झाले नाही.

उद्या शमीला प्रदक्षिणा घालताना वाचकांनी उतरविलेल्या त्या प्रत्यंचेचे स्मरण करावे, आणि घरी परतताच कपाटाचे कुलूप एकवार ओढून पाहावे.