उजनीचं पाणी ओसरलं की जुनं गाव वर येतं; बघायला जाताना एवढं ध्यानात ठेवा

उन्हाळ्यात उजनीचा साठा 'उणे' झाला की पळसदेवच्या जुन्या पळसनाथ मंदिराचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतात. मग पुणे-सोलापूर हायवेवरून गाड्या आत वळतात आणि पोरं पायी धरणाच्या पोटात उतरतात. जायला हरकत नाही. पण आपण काय बघतोय आणि पाय कुठं ठेवतोय, हे माहीत पाहिजे.

आधी हे 'उणे' समजून घ्या. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. वरचं उपयुक्त पाणी संपलं की टक्केवारी शून्यावर येते, त्याखाली गेली की उणे. म्हणजे उणे आकडा दिसला तरी धरण कोरडं नसतं. कित्येकांची फसगत इथंच होते.

धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भीमाकाठची गावंच्या गावं पाण्याखाली गेली. लोक नव्या गावठाणात आले, जुनी घरं तिथंच राहिली. मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. दगडाचं मंदिर मात्र इतकी वर्षं पाण्यात राहूनही उभं आहे.

घरांचं काहीच उरलं नाही असं वाटतं, पण नीट बघितलं तर कळतं. जमिनीत दगडांची सरळ ओळ दिसली तर ते घराचं जोतं. दोन जोत्यांमधली मोकळी पट्टी म्हणजे गल्ली. घडीव लांब दगड पडलेला असेल तर बहुतेक उंबरा. खरं तर हे सगळं सांगायला घरातल्या म्हाताऱ्या माणसाइतकं जाणकार कुणी नाही. त्यांना चालवत नसेल तर तिथून व्हिडिओ कॉल लावा. कुणाचं घर कुठं होतं, हे सांगणारी पिढी आता थोडीच उरलीय. ते बोलतील ते रेकॉर्ड करून ठेवा.

आता धोक्याचं. गाळ वरून वाळतो, भेगा पडतात, पण खाली तो ओलाच असतो. पाण्याच्या कडेला तर माणूस मांडीपर्यंत रुततो. हातात काठी ठेवा, पुढं टोचून बघा आणि जिथं आधीच्या पायवाटा आहेत तिथूनच चाला. जुने आड गाळानं भरलेले असतात, ते वरून ओळखू येत नाहीत. एकट्यानं जाऊ नका.

मंदिराभोवती पाणी असेल तर होडीचा मोह होतो. २१ मे २०२४ ला याच उजनीत कुगाव ते कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. तेव्हा लाइफ जॅकेट नसेल तर काठावरूनच बघा.

काठावरच्या गावांत पडके वाडेही बरेच आहेत. त्यांचं माळवद लाकडी कड्यांवर माती टाकून केलेलं असतं. दरवर्षी पावसाआधी त्यावर पांढरी माती टाकावी लागते. घर बंद पडलं की ते काम थांबतं, पाणी मुरतं, कड्या कुजतात. वरून धड दिसणारं माळवद पायाखाली खचू शकतं. सेल्फीसाठी त्यावर चढू नका. आणि वाडा पडका असला तरी बेवारस नसतो. सातबारा नाहीतर मिळकत पत्रिकेवर कुणाचं ना कुणाचं नाव असतं. विचारून आत जा.

वीरगळ किंवा कोरीव दगड सापडला तर हलवू नका, शेंदूर फासू नका. फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा, ग्रामपंचायतीला कळवा. गुप्तधनासाठी खणणं तर सोडूनच द्या. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.

पावसाळा तोंडावर असेल तर निघण्याआधी दौंडच्या विसर्गाची बातमी बघा. विसर्ग वाढलेला असेल तर बेत रद्द करा. घरांची जोती सखल भागात आहेत, ती लवकर बुडतात.