जोडीनं गोव्याला सर्फिंगला जाताय? समुद्रात जी जागा शांत दिसते, तीच सगळ्यात धोक्याची असू शकते

समजा, बाळापूरचं एक जोडपं आहे. दिवाळीनंतर चार दिवस सुट्टी काढून कुठंतरी जायचं ठरलंय. बायकोला रीलवर एक गाव दिसलं. बांबूच्या झोपड्या, अनवाणी फिरणारी माणसं, संध्याकाळी वाळूत ढोल घेऊन बसलेला घोळका आणि पाण्यात बोर्डवर उभं राहायला शिकणारी पोरंपोरी. गावाचं नाव अरंबोल.

नवरा म्हणतो, "आपल्याले पोहता येते नं, मंग काय भ्याचं?"

विषय इथंच सुरू होतो.

अरंबोल म्हणजे आपलं हरमल

गोव्याच्या अगदी उत्तरेला पेडणे तालुका आहे. हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी ही त्या तालुक्यातली किनाऱ्यावरची गावं. इंग्रजी पाटीवर जे अरंबोल लिहिलेलं असतं, ते स्थानिकांचं हरमल.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्याच दशकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेतले हिप्पी इथं यायला लागले. बरेच जण तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असं रस्त्यानं भारतात यायचे. त्यांचा मुक्काम आधी कळंगुट आणि हणजूणला असायचा. तिथं गर्दी वाढली, तसे शांतता शोधणारे उत्तरेला सरकत गेले. हरमलचा निवांतपणा असा घडत गेला.

सर्फिंग मात्र त्या मानानं नवीन. आज हरमल ते मोरजी या पट्ट्यात सर्फिंग शिकवणारे बरेच आहेत. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पाण्यात उतरायचंच नाही.

इथंच शिकायला सोपं का जातं?

लाट म्हणजे पुढं धावत येणारं पाणी, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा गेला की शेतभर लाट पळताना दिसते, पण धांडा जागचा हलत नाही. खोल समुद्रात पाण्याचंही तसंच होतं. दूर कुठंतरी वारा सुटतो, त्याची ऊर्जा पाण्यातून प्रवास करत किनाऱ्याकडे येते.

किनाऱ्याजवळ तळ उथळ होतो. लाटेचा खालचा भाग तळाला अडतो, वरचा पुढं जातो आणि लाट फुटते. इथं तळ वाळूचा आहे, उतारही हळूहळू आहे. त्यामुळं हंगामात लाट एकदम आदळत नाही, फेसाळत पुढं येते. शिकणारा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून असा फेस पकडतो. पडला तर खाली खडक नाही, वाळू आहे.

पण मग धोका कुठं आहे?

त्याच वाळूत.

पाण्याखाली वाळूचे उंचवटे तयार होतात. लाटा त्यांच्यावर फुटतात आणि फुटल्यावर मात्र पाणी खरोखर किनाऱ्याकडे ढकललं जातं. ते परत जाणार कसं? दोन उंचवट्यांच्या मध्ये जी खोलगट फट असते, तिच्यातून. सगळं पाणी त्या अरुंद वाटेनं समुद्राकडे ओढलं जातं. यालाच रिप करंट म्हणतात.

आता गंमत बघा. त्या फटीत पाणी खोल असल्यानं लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, सपाट पट्टा. नवख्याला वाटतं, हीच जागा शांत आहे, इथंच उतरू, इथंच फोटो काढू.

रिपचा वेग बहुतेक वेळा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, पण तो २ मीटरच्या पुढंही जाऊ शकतो. ऑलिम्पिकमधला जलतरणपटू साधारण याच वेगानं पोहतो. तुम्ही-आम्ही किनाऱ्याकडे तोंड करून कितीही हात मारले, तरी जागचे हलत नाही. माणूस थकतो आणि थकल्यामुळं बुडतो.

अडकलात तर काय करायचं?

बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर आहे. नदीकाठच्या जुन्या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ओढीत सापडलं तर धारेच्या उलट पोहायचं नाही, आडवं होत काठाकडे सरकायचं.

रिप म्हणजे समुद्रातली नदीच समजा. दोन्ही बाजूंचा पांढरा फेस हे तिचे काठ.

म्हणून आधी घाबरायचं नाही. रिप तुम्हाला खाली ओढत नाही, फक्त आत नेते, आणि लाटा फुटतात त्याच्या पलीकडे तिचा जोर संपतो. पाठीवर तरंगा, हात वर करून मदत मागा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा आणि फेसापर्यंत पोचलात की लाटांसोबत बाहेर या. पायाला दोरीनं बोर्ड बांधलेला असेल तर तो सोडू नका, तो तुम्हाला तरंगवतो.

जोडप्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं

एक जण आत ओढला जातोय हे दिसल्यावर दुसरा तसाच धावत पाण्यात शिरतो. प्रेमापोटीच शिरतो, पण अशा वेळी दोघंही जातात. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याला घट्ट धरतो आणि दोघांचेही हात अडकतात.

त्यामुळं आत उडी मारू नका. ओरडून जीवरक्षकाला बोलवा, ११२ ला फोन करा. बोर्ड, ट्यूब, रिकामा मोठा कॅन, जे तरंगेल ते फेका. नजर हटवू न देता बोटानं जागा दाखवत राहा.

गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक नेमलेले आहेत. लाल बावटा असेल तर पाण्यात जायचं नाही. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधली जागा पोहण्यासाठी. जीवरक्षक नसताना, अंधारात किंवा दारू पिऊन पाण्यात उतरायचं नाही.

आणि पहिल्या दिवशी बोर्ड हातात घेण्याआधी शिकवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, "आज रिप कुठं आहे?" वाळूचे उंचवटे सरकत राहतात, त्यामुळं कालची जागा आज तीच असेल असं नाही. पण चांगला शिकवणारा उभ्या-उभ्या बोट दाखवून सांगतो. मुरलेले सर्फर तर त्याच ओढीचा वापर करून कमी कष्टात आत जातात.

ज्याला ते सांगता येत नाही, त्याच्याकडून बोर्ड घेऊ नका.