तहकूब डावाची रात्र

तहकूब डाव कधी पाहिलाच नाही, अशा खेळाडूंची दुसरी पिढी आता स्पर्धांना येते आहे. पाच तास झाले की डाव आहे तिथं थांबायचा, हे त्यांना सांगून पटत नाही. ज्याची पाळी असेल तो पुढची चाल पटावर न करता कागदावर लिहायचा. कागद पाकिटात जायचा. पंच पाकिटावर मोहऱ्यांची जागा आणि दोघांचा वापरलेला वेळ टिपून घ्यायचे, आणि मंडळी जेवायला निघायची. १९७२ साली रेक्याविकला फिशर-स्पास्की लढतीचा एकविसावा डाव असाच थांबला होता. स्पास्कीनं चाल पाकिटात बंद केली आणि दुसऱ्या दिवशी फोनवरूनच डाव सोडून दिला. जगज्जेतेपदाचा निकाल असा टेलिफोनवर लागला!

आमच्यासारख्या हौशी खेळाडूंचे डाव फोनवर संपत नसत. ऐंशीच्या दशकात सांगलीच्या उन्हाळी स्पर्धेतला माझा एक डाव अजून मनातून जात नाही. समोर मिरजेचे एक काका होते, रेल्वेत नोकरीला. वयानं माझ्या दुप्पट, चहाला ‘नको’ म्हणणारे आणि वजीर लवकर मारामारीत काढून टाकणारे. वजीर गेले, घोडे-उंट गेले. चाळिसाव्या चालीला त्यांच्याकडं एक हत्ती आणि राजाच्या बाजूची तीन प्यादी उरली, माझ्याकडं हत्ती आणि एकच प्यादं. चाल माझी. मी ती लिहिली, पाकीट दिलं. काका उठता उठता म्हणाले, ‘‘झोप नीट, पोरा. उद्या लांबणार आहे.’’

झोप कसली! मुक्कामाच्या खोलीत सतरंजीवर पट मांडला. एक सोलापूरचा गडी, एक कऱ्हाडचा आणि एक पोक्त खेळाडू, ज्यांच्या पिशवीत शेवटच्या डावांचं इंग्रजी पुस्तक कायम असायचं. वाद एकाच गोष्टीचा होता. माझं उरलेलं प्यादं त्यांच्या मधल्या प्याद्याशी बदलून टाकायचं की धरून ठेवायचं? बदललं तर त्यांच्याकडं एफ आणि एच या पट्ट्यांवरची दोन प्यादी राहतात, मध्ये एक पट्टी मोकळी. दोन प्यादी जास्त म्हणजे डाव गेला, असं सोलापूरकरांचं ठाम मत. पुस्तकवाल्यांनी पान काढलं: मॉस्को, १९४७, ग्लिगोरिच विरुद्ध स्मिस्लोव्ह. तिथं हीच दोन प्यादी कमी असताना स्मिस्लोव्हनं बरोबरी राखली होती. युक्ती ऐकायला सोपी. हत्ती लांबच्या कोपऱ्यात ठेवायचा, म्हणजे मागून आणि बाजूनं, दोन्हीकडून शह देता येतो. राजाला शेवटच्या रांगेत ढकलू द्यायचं नाही. आणि हत्तीला हत्ती कधीही द्यायचा नाही. हे तीन नियम पाळत रात्री दोनपर्यंत आम्ही एकमेकांना हरवत राहिलो.

एक गोष्ट तेव्हा फार मनावर घेतली नव्हती. माझ्यापाशी चार डोकी होती, काका शेवटच्या एसटीनं घरी जाऊन एकटे बसले असणार. तहकुबीत हा अन्याय होताच. मोठ्या खेळाडूंच्या दिमतीला तर अख्खी पथकं असत. नियम गेला त्याचं वाईट वाटून घेण्याआधी हे आठवलेलं बरं.

सकाळी प्यादी बदलली. मग साडेतीन तास काका हत्ती इकडून तिकडं नेत होते आणि मी कोपऱ्यातून शह देत होतो. मधेच त्यांनी एचचं प्यादं पुढं रेटलं आणि माझ्या राजाचा श्वास कोंडला. जी घरं मोकळी दिसत होती, त्यातल्या निम्म्या घरांत पाऊल टाकलं असतं तर डाव तिथंच गेला असता. काकांनी शेवटी घड्याळ थांबवलं, हात पुढं केला. ‘‘पुस्तक कुणाचं?’’ एवढंच विचारलं.

नव्वदच्या दशकात संगणक इतके तयार झाले, की रात्रभर यंत्राला विचारून सकाळी खेळायला येणं कुणालाही जमलं असतं. तहकुबी मोडीत निघाली. तिच्या जागी दर चालीला काही सेकंद वाढवून देणारी घड्याळं आली. ग्रँडमास्टरांचं यात फारसं बिघडलं नाही, असं मला वाटतं. आमची मात्र शाळा सुटली. शेवटचा डाव शिकवणारा प्रशिक्षक तेव्हा सांगली-सोलापूरच्या हौशी खेळाडूला कुठला? ती रात्र हाच आमचा वर्ग.

पटावर सहा मोहरे उरले, की आज संगणकातली कोष्टकं प्रत्येक चालीचा निकाल सांगतात, तिथं मतभेदाला जागाच नाही. डावाचा जपून ठेवलेला कागद मी परवा पुतण्याच्या लॅपटॉपवर तपासला. प्यादी बदलल्यापासून शेवटपर्यंत डाव बरोबरीचाच होता. पुतण्या म्हणाला, ‘‘काका, मग यात एवढं काय होतं?’’ मी त्याला एचचं प्यादं पुढं आलं ती स्थिती लावून दिली, यंत्र बंद केलं आणि काळ्याकडून खेळायला बसवलं. सहाव्या चालीला त्यानं राजा शेवटच्या रांगेत नेला.