फीडबॅक कुठे आहे? बाहेरच्या समित्यांवरचे आपले नगरसेवक

इलेक्ट्रिकल आणि ईएनटीसीवाल्यांना ‘कंट्रोल सिस्टिम’ हा विषय चुकत नाही. पहिल्याच लेक्चरला सर सांगतात की सिस्टिम दोन प्रकारच्या असतात, ओपन लूप आणि क्लोज्ड लूप. गच्चीवरची टाकी भरली की मोटार आपोआप बंद होते, ती क्लोज्ड लूप. टाकी वाहून पाणी गल्लीत आलं तरी मोटार चालूच राहते, ती ओपन लूप. दोन्हीकडे मोटार सारखी आणि पाईपही सारखाच. फरक एवढाच, की एकीकडे ‘पुढे काय झालं’ ही बातमी परत येते आणि दुसरीकडे येत नाही.

आता हा नियम आपल्या महापालिकेला लावून बघू या. विषय ऐकायला कोरडा वाटेल, पण आपल्या नळाला पाणी कधी येणार, हे बऱ्याच अंशी यावर ठरतं.

नगरसेवक बाहेर जातात कुठे?

आपण नगरसेवक निवडून देतो ते इंद्रभुवनात बसून शहराचा कारभार बघायला, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. सोलापूरची नगरपालिका १८५२ सालची, तिची महानगरपालिका झाली १९६४ साली. तेव्हापासून शहर वाढलं आणि शहराचे प्रश्न हद्दीबाहेर गेले. पाणी उजनीहून येतं, निधी जिल्हा नियोजन समितीतून येतो, मोठे प्रकल्प सरकारी कंपनीमार्फत होतात. म्हणजे शहराबद्दलचे बरेच मोठे निर्णय महापालिकेच्या सभागृहाबाहेर होतात आणि आपले काही प्रतिनिधी तिथे आपल्या वतीने बसतात.

सर्वांत महत्त्वाचं उदाहरण जिल्हा नियोजन समितीचं. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. त्यातलं कलम २४३ झेडडी सांगतं, की प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती हवी आणि तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिका-महापालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातूनच निवडावेत. ग्रामीण आणि शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात जागा वाटायच्या. महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ साली वेगळा कायदा केला. पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख १७ हजार आणि त्यात एकट्या सोलापूर शहराची साडेनऊ लाख. म्हणजे शहराचा शब्द तिथे वजनदार असायला हवा.

पण गंमत बघा. हेच कलम सांगतं, की समितीने तयार केलेला आराखडा अध्यक्षांनी राज्य शासनाकडे पाठवावा. वर जायचा रस्ता घटनेत लिहिलेला आहे. ज्या महापालिकेने सदस्य पाठवले तिच्याकडे परत यायचा रस्ता मात्र त्यात लिहिलेला नाही!

आतल्या समित्या आणि बाहेरच्या समित्या

महापालिकेच्या आतल्या समित्यांचं असं नाही. एसएमटीचं घ्या. परिवहनचं बजेट परिवहन समितीपुढे येतं, तिथून स्थायी समितीकडे आणि शेवटी सर्वसाधारण सभेपुढे. वाटेत कुणालाही विचारता येतं, की बस बंद का पडल्या आणि डिझेलचे पैसे कुठे गेले. उत्तर समाधानकारक मिळेलच असं नाही, पण प्रश्न विचारायची जागा ठरलेली आहे. हा झाला क्लोज्ड लूप.

बाहेरच्या समितीत आपला सदस्य बैठकीला जातो, सही करतो, चहा होतो आणि तो परत येतो. तिथे तो काय बोलला, शहरासाठी काय मागितलं, काय मिळालं आणि काय नाकारलं गेलं, हे तो आपणहून सांगेल तेव्हाच कळणार. हा ओपन लूप. यात सदस्य वाईट असायलाच पाहिजे असं नाही. चांगला, अभ्यासू सदस्य असला तरी सिस्टिम ओपन लूपच राहते. उलट त्याने तिथे भांडून काही मिळवलं असेल तर तेही कुणाला कळत नाही, म्हणजे त्याचंही नुकसानच.

पाण्याचं गणित

थोडी आकडेमोड करू, शेवटी आपण इंजिनिअर होणार आहोत. उजनी धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. वापरायला राहतं ५४ च्या जवळपास. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर.

उजनी ते सोलापूर जी समांतर जलवाहिनी आखली, तिची क्षमता १७० एमएलडी, म्हणजे रोज १७ कोटी लिटर. वर्षाचे झाले ६,२०५ कोटी लिटर, म्हणजे फक्त २.२ टीएमसी! धरणाच्या मानाने किरकोळच. मग नळाला चार-चार दिवसांआड पाणी येणं सोलापूरकराला सवयीचं का झालं? एक मोठं कारण असं, की शहराचं बरंच पाणी वर्षानुवर्षे पाईपने न येता नदीतून आलं. उजनीतून भीमेत सोडायचं आणि टाकळीजवळ उचलायचं. शंभराहून जास्त किलोमीटरच्या त्या वाटेत बाष्पीभवन होतं, पाणी मुरतं, उपसा होतो. शहराला जेवढं मिळतं त्याच्या कितीतरी पट सोडावं लागतं.

पाणी कधी सोडायचं, कालव्याला किती आणि नदीला किती, ही चर्चा कालवा सल्लागार समितीत होते. तिथे मंत्री, आमदार, पाटबंधारे खातं असतं. शेतकऱ्यांची मागणी रास्त, पंढरपूर-मंगळवेढ्याची रास्त आणि आपलीही रास्त. अशा ओढाताणीत शहराची बाजू कुणी आणि किती आकड्यांनिशी मांडली, हे आपल्याला कळायला नको का?

कंपनीचा डायरेक्टर कुणाला उत्तर देतो?

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर नवव्या नंबरावर आलं. फटाके वाजले. मोहिमेच्या नियमाप्रमाणे कंपनी स्थापन झाली, सोलापूर सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन लिमिटेड. निम्मी मालकी राज्य शासनाची, निम्मी महापालिकेची. संचालक मंडळावर अधिकाऱ्यांबरोबर महापौरांसारखे महापालिकेतले पदाधिकारीही घेतले गेले.

इथे एक बारीक पेच आहे. महापालिकेची सर्वसाधारण सभा लोकांना खुली असते, गॅलरीत बसून ऐकता येते. कंपनीची बोर्ड मीटिंग बंद दाराआड होते. शिवाय कंपनी कायद्याने डायरेक्टरची बांधिलकी कंपनीशी, आणि मतदारांची अपेक्षा अशी, की बांधिलकी शहराशी असावी. समांतर जलवाहिनी याच कंपनीकडे होती. तिची क्षमता आधी ११० एमएलडी होती, पुढे ती १७० झाली, आणि काम कित्येक वर्षं रेंगाळलं. असा प्रत्येक टप्पा लगेच पुढच्या सर्वसाधारण सभेत लेखी आला असता, तर प्रश्न वेळेवर विचारले गेले असते. स्मार्ट सिटी मोहीम ३१ मार्च २०२५ रोजी संपली, पण कंपनी काढून काम करण्याची पद्धत काही संपणार नाही.

आणि जिथे पाठवायलाच कुणी नाही तिथे तर बोलायलाच नको. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक आले. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झालं तोवर जवळजवळ चार वर्षं गेली होती. या काळात बाहेरच्या मंडळांवर शहरातर्फे बोलायला निवडून आलेला नगरसेवकच नव्हता. म्हणजे लूप सोडा, इनपुटच बंद!

एक छोटा नियम

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २००५ साली एक कायदा केला, जो २००६ पासून लागू झाला. त्यातली एक तरतूद अगदी साधी आहे. स्थानिक संस्थेच्या खर्चाने एखादा सदस्य बाहेरच्या बैठकीला गेला, तर पुढच्या नियमित सभेत त्याने त्याबद्दल थोडक्यात सांगायचं. झालं. नवं खातं नाही, वेगळा खर्च नाही. तिथे अनेक शहरांच्या विषयपत्रिकेत सदस्यांच्या अहवालाची एक ओळच ठरलेली असते.

आपल्याकडे सर्वसाधारण सभा महिन्यातून किमान एकदा व्हायलाच हवी. त्या अजेंड्यावर कायमचा एक विषय घातला, तर पाच ओळी पुरतील: बैठक कधी झाली, सोलापूरचा कोणता विषय होता, आम्ही काय मागितलं, काय ठरलं, पुढची तारीख कोणती. चालू टेंडर किंवा कोर्टाची बाब असेल तर ती गुप्त ठेवायला हरकत नाही, पण तसं सांगून ठेवावी.

कुणी म्हणेल, “असले अहवाल वाचणार कोण?” सगळे वाचणार नाहीत, कबूल. पण थर्मामीटरकडे तरी रोज कोण बघतं? ताप आला की मात्र तो घरात असावा लागतो.

आपण काय करू शकतो?

पहिलं, माहिती अधिकार कायदा, २००५. कलम ४ नुसार प्रत्येक सरकारी कार्यालयाने आपल्या समित्या आणि मंडळांची यादी, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त बघायला मिळतं का, हे स्वतःहून जाहीर करायचं असतं. जाहीर केलं नसेल तर दहा रुपयांचा अर्ज करायचा. उत्तराची मुदत ३० दिवस. एका कटिंगच्या पैशात होणारं काम आहे.

दुसरं, आपल्या प्रभागात बहुतेक ठिकाणी एक सोडून चार नगरसेवक आहेत. त्यांना गटार आणि लाईटबरोबर हेही विचारायचं, “दादा, ताई, तुम्ही कोणत्या समितीवर आहात? मागच्या बैठकीत काय ठरलं?” खेड्यात ग्रामसभेत सरपंचाला असं विचारतातच की! शहरांसाठीही २००९ साली कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली आहे. ती आपल्या भागात झाली का, हाही एक चांगला प्रश्न.

तिसरं, चार मित्रांनी मिळून एकदा सर्वसाधारण सभेच्या गॅलरीत जाऊन बसायचं. सीटी बजाओ मूडमध्ये नाही, वही घेऊन. उजनी, नियोजन समिती, कंपनी हे शब्द किती वेळा निघाले आणि कुणी काढले, एवढंच टिपायचं.

कंट्रोल सिस्टिमच्या पेपरात आपण फीडबॅकची रेघ काढायला विसरलो तर सर मार्क कापतात. शहराच्या आकृतीत ती रेघ आपण सगळ्यांनी मिळूनच काढायची आहे. तोवर मोटार चालू आहे आणि टाकी भरली की नाही, कुणालाच माहीत नाही.