भाषेचे यंत्र : मुक्त साधने आणि मराठीचा वाटा

मोबाईलवर मराठीत प्रश्न लिहावा आणि क्षणात मराठीतच उत्तर यावे, ही गोष्ट आज आपल्या घरातील मुलांना नवी राहिलेली नाही. अर्जाचा मसुदा, इंग्रजी पत्राचा अर्थ, निबंधाचे मुद्दे असे सारे काही या यंत्राकडे मागितले जाते. परंतु हे यंत्र कोणता मजकूर वाचून तयार झाले आणि त्यात आपल्या भाषेला जागा किती मिळाली, याची विचारणा फारशी होत नाही. ही विचारणा काही यंत्रांबाबत करता येते आणि काहींबाबत करताच येत नाही. हा फरक सभासदांना, विशेषतः विद्यार्थी मित्रांना, समजावा म्हणून हा लेख.

भाषा-मॉडेल म्हणजे मूलतः पुढचा शब्द ओळखणारी गणिती रचना होय. अफाट मजकूर दाखवून तिला पुन्हा पुन्हा विचारले जाते, की येथपर्यंत वाचलेस, आता पुढे काय येईल? चुकले की तिच्यातील आकडे किंचित बदलले जातात. असे असंख्य वेळा घडले, की त्या आकड्यांत भाषेची घडण उतरते. तंत्रज्ञ या आकड्यांना ‘वेट्स’ म्हणतात. म्हणजे शिकवण्याचा मजकूर, शिकवणारी आज्ञावली आणि शेवटी हाती येणारे आकडे, अशा तीन गोष्टी झाल्या. यांपैकी लोकांना काय मिळते, यावरून मॉडेल किती मुक्त आहे ते ठरते.

२०२० साली आलेल्या जीपीटी-३ या मॉडेलमध्ये १७५ अब्ज आकडे होते. पण ते कंपनीने लोकांना दिले नाहीत, फक्त सेवा विकली. त्याच वर्षी इल्युथरएआय नावाने काही स्वयंसेवी संशोधक एकत्र आले. त्यांनी ‘द पाइल’ हा मजकूरसंग्रह खुला केला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये २० अब्ज आकड्यांचे मॉडेल वेट्ससह सर्वांना देऊन टाकले.

याहून मोठा प्रयत्न ‘ब्लूम’चा. बिगसायन्स या उपक्रमात हजाराहून अधिक संशोधक सहभागी झाले होते. फ्रान्समधील झां झे या सरकारी महासंगणकावर, ३८४ ग्राफिक प्रोसेसर वापरून, मार्च ते जुलै २०२२ या काळात हे मॉडेल शिकवले गेले. आकडे १७६ अब्ज, आणि मानवी भाषा ४६. त्यात मराठी आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. ब्लूमच्या माहितीपत्रकात प्रत्येक भाषेचा वाटा छापलेला आहे. इंग्रजी सुमारे ३० टक्के, हिंदी ०.७ टक्के, बंगाली ०.५ टक्के आणि मराठी ०.०५ टक्के. दहा हजार रुपयांच्या वर्गणीत पाच रुपये, असा हा हिशेब आहे. २०११ च्या जनगणनेत ज्या भाषेचे ८ कोटींहून अधिक भाषक नोंदले गेले, तिची ही स्थिती! वाईट जरूर वाटते. पण हा आकडा आपल्याला कळू शकला हेच आमच्या मते महत्त्वाचे. बंद मॉडेलात मराठी किती आहे, हे बाहेरच्या माणसाला मोजता येत नाही.

दुसरी अडचण लिपीची आहे. संगणकाच्या युनिकोड साठवणीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. ‘पाणी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट झाले. मॉडेल शब्दांचे तुकडे करून वाचते. तुकड्यांची यादी इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून केली असेल, तर मराठी शब्दाचा चुरा होतो, काम मंदावते आणि तुकड्यांवर पैसे मोजणाऱ्या सेवेत तेच वाक्य महाग पडते. मुक्त मॉडेलात ही यादी वाचता येते, वाढवताही येते.

मॉडेल चालवण्यास महासंगणकच हवा, असा समज आहे. तो खरा नाही. मार्च २०२३ मध्ये बल्गेरियाचे जॉर्जी गेर्गानोव्ह यांनी लामा.सीपीपी ही मुक्त आज्ञावली लिहिली. ७ अब्ज आकड्यांचे मॉडेल, प्रत्येक आकड्यास १६ बिट धरल्यास, सुमारे १४ जीबी जागा घेते. तेच आकडे ४ बिटांत गोळाबेरीज करून ठेवले, की काम ४ जीबीच्या आसपास भागते. थोडी अचूकता जाते, पण साधा लॅपटॉप पुरतो, इंटरनेट लागत नाही आणि घरचा कागद घराबाहेर जात नाही.

मात्र ‘मुक्त’ हा शब्द दिसला की लगेच भुलू नये. मेटा कंपनीच्या लामा मॉडेलांचे वेट्स मिळतात, परंतु शिकवण्याचा मजकूर मिळत नाही आणि परवान्यात अटी आहेत. ब्लूमच्या परवान्यातही काही वापरांना मनाई आहे. याउलट अमेरिकेतील ॲलन इन्स्टिट्यूटने फेब्रुवारी २०२४ मध्ये ओल्मो मॉडेलबरोबर मजकूर, आज्ञावली आणि वेट्स असे सर्व काही दिले.

आपल्याकडेही काम चालू आहे. पुण्याच्या एल३क्यूब गटाने मराठीची मॉडेले आणि सुमारे २ कोटी ४८ लाख वाक्यांचा मराठी संग्रह खुला केला. आयआयटी मद्रासमधील एआय४भारतने २०२३ साली २२ अनुसूचित भाषांचे मुक्त भाषांतर-मॉडेल दिले. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ‘लोरा’ ही २०२१ ची पद्धत अभ्यासावी. तीत मूळ आकडे तसेच ठेवून लहानशी जोड शिकवली जाते, त्यामुळे खर्च आवाक्यात येतो.

पण जोड शिकवायला मराठी मजकूर हवा, आणि तो आपल्यासारख्या मंडळांच्या कपाटांत पडून आहे. नव्वदच्या दशकात संगणकावर जुळवलेला बराचसा मराठी मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहे. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. कागदावर ते शुद्ध मराठी दिसते, यंत्राला मात्र ती निरर्थक रोमन अक्षरे वाटतात. रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या मिळतात, पण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. ती मराठी जाणणाऱ्यानेच ओळीओळीने तपासावी लागतात. लेखकांची किंवा त्यांच्या वारसांची परवानगीही घ्यावी लागते. जुन्या स्मरणिकांच्या फायली ज्यांच्याकडे असतील, त्यांनी त्या फाँटच्या नावासह जपून ठेवाव्यात. फाँटचे नाव कळले नाही, तर रूपांतराचे काम फार कठीण होते.