तपासणी निर्दोष, पोट मात्र तक्रारखोर

आमच्या धाकट्या वहिनींचे पोट सहा महिने फुगत होते, दिवसातून तीन-चार वेळा शौचास जावे लागे. शेजारच्या काकूंनी “गहू बाधतो” असे निदान केले आणि वहिनींनी पोळी सोडली. माळव्यातील घरात पोळी सोडणे म्हणजे पंगतीतून उठण्यासारखेच. रविवारी आम्ही बाफल्यांवर तूप ओतीत असता त्या ज्वारीची भाकरी घेऊन बसत. तीन महिन्यांनी सीलिएक रोगासाठी रक्त तपासले, ते निर्दोष निघाले. आम्हांस आनंद झाला. पोट मात्र होते तसेच!

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, “तपासणीच्या वेळी गहू खात होता का?” आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. गव्हातील ग्लूटेन नामक प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटते, हे या रोगाचे मूळ. तपासणीत शोधतात ती त्या वेळी रक्तात येणारी प्रतिद्रव्ये. गहू बंद केला की ती हळूहळू ओसरतात, आणि रोग असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. म्हणून सुमारे सहा आठवडे रोज गहू खाऊन पुन्हा तपासणे भाग पडले. (सोडलेला गहू तरी कुठे पुरता सुटला होता? आमच्या डब्यातील हिंगातही गव्हाचे पीठ होते.)

दुसरी खोच अशी, की नेहमीची तपासणी ‘आयजीए’ जातीची प्रतिद्रव्ये शोधते. काहींच्या रक्तात ती जातच उपजत अत्यल्प असते. मग सापडणार काय? यास्तव एकूण आयजीए मोजावे, ते कमी असल्यास आयजीजी जातीची तपासणी करावी. इतके करूनही संशय उरला तर दुर्बिणीतून लहान आतड्याचे तुकडे घेऊन पाहतात. डीक्यू २ व डीक्यू ८ ही दोन्ही जनुकीय लक्षणे नसतील, तर सीलिएक जवळजवळ नाहीच असे धरता येते. असली म्हणून रोग आहे असे मात्र नव्हे. निरोगी माणसांतही ती पुष्कळ आढळतात.

वहिनींची दुसरी तपासणीही निर्दोष आली, आयजीए पुरेसे होते. मग थायरॉईड, हिमोग्लोबिन, शौचातील जंतू हे सारे पाहून झाले. दोन आठवडे दूध वर्ज्य केले, फरक नाही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननेही जुलाब होतात, म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांनी मागून घेतली. अखेर त्यांनी बोट ठेवले ते कांदा-लसणावर. त्यांत, आणि गव्हातही, फ्रुक्टॅन नावाची शर्करा असते. ती न पचता मोठ्या आतड्यात आंबते व वायू धरतो. गहू बाधतो असे मानणाऱ्या, पण सीलिएक नसलेल्या 59 जणांवर नॉर्वेत झालेला प्रयोग 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात त्रास अधिक झाला तो ग्लूटेनने नव्हे, फ्रुक्टॅनने.

हे प्रयोग घरी करण्याजोगे असले, तरी शौचावाटे रक्त, वजनातील घट, ताप, पंडुरोग, रात्री झोपेतून उठविणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेली तक्रार, यांपैकी काहीही असल्यास पथ्याच्या नादी न लागता तडक डॉक्टर गाठावा. आपल्याकडे आतड्याचा क्षयही अजून आढळतो.

वहिनींनी कांदा-लसूण सोडून महिना झाला आहे. पोट पुष्कळ निवले. आता एकेक जिन्नस थोडाथोडा परत आणून पाहावयाचा आहे. कायमचे सारे वर्ज्य करू नये, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. गेल्या रविवारी त्यांनी एक बाफला घेतला, आणि आम्ही सगळे मुकाट्याने त्यांच्या ताटाकडे पाहत राहिलो.