चिल्डर्स, रॉबर्ट अर्स्किन

(२५ जून १८७०–२४ नोव्हेंबर १९२२). अँग्लो-आयरिश सैनिक, कायद्याचा अभ्यासक, नौकानयनपटू, लेखक व आयरिश प्रजासत्ताकवादी पुढारी. ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने तो दोन युद्धांत लढला, ब्रिटिश संसदेच्या कार्यालयात त्याने पंधरा वर्षे विधेयकांचे मसुदे हाताळले आणि अखेरीस स्वतंत्र होऊ घातलेल्या आयर्लंडच्याच सरकारने त्याला गोळ्या घालून देहान्ताची शिक्षा दिली. शस्त्र, कायदा आणि समुद्र या तिन्ही क्षेत्रांतील ज्ञान त्याने प्रथम साम्राज्याच्या व पुढे आयर्लंडच्या कामी लावले. त्याचा खटला व मृत्यू हा आयरिश यादवी युद्धातील अद्यापि वादाचा विषय राहिला आहे.

पूर्वायुष्य : जन्म लंडन येथे. वडील रॉबर्ट सीझर चिल्डर्स (१८३८–७६) हे काही वर्षे सिलोनच्या मुलकी सेवेत होते. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी पाली भाषेचा इंग्रजीतील पहिला मोठा कोश रचला (१८७२–७५). बौद्ध वाङ्‌मयाच्या अभ्यासकांना, त्यांत भारतीय अभ्यासकांनाही, चिल्डर्स हे नाव या कोशामुळेच प्रथम परिचित झाले. अर्स्किन सहा वर्षांचा असताना वडील क्षयाने वारले व काही वर्षांनी आईही त्याच रोगाने गेली. आईचे घराणे आयर्लंडच्या विक्लो परगण्यातील बार्टन हे जमीनदार प्रॉटेस्टंट घराणे होते. पोरकी झालेली चिल्डर्स भावंडे तेथील ग्लेंडलॉक हाउस या मामाच्या वाड्यात वाढली. मामेभाऊ रॉबर्ट बार्टन (१८८१–१९७५) हा पुढे राजकारणात त्याचा सहकारी झाला.

अर्स्किनचे शालेय शिक्षण हेलीबरी येथे झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी अधिकाऱ्यांना जेथे पूर्वी शिक्षण दिले जाई, त्याच इमारतीत ही शाळा १८६२ मध्ये निघाली होती. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात त्याने अभिजात भाषांचा व नंतर कायद्याचा अभ्यास केला. वकिलीचा व्यवसाय मात्र त्याने पतकरला नाही. १८९५ मध्ये तो हाउस ऑफ कॉमन्सच्या कार्यालयात समिती-लेखनिक झाला. सरकारच्या प्रस्तावांना निर्दोष विधेयकाचे रूप देण्याच्या कामाशी त्याचा तेथे नित्य संबंध आला. शब्दाचा कायदेशीर अर्थ कोठवर ताणला जाऊ शकतो, हे पारखण्याची सवय त्याला तेथे जडली व ती शेवटपर्यंत टिकली.

सागरी सफरी व कादंबरी : संसदेचे अधिवेशन नसे तेव्हाचा काळ तो समुद्रावर घालवी. लहान शिडाच्या होड्यांतून इंग्लिश खाडी व उत्तर समुद्र ओलांडण्याचा छंद त्याला विद्यार्थिदशेनंतर लागला. १८९७ मध्ये ‘व्हिक्सन’ नावाच्या सु. ९ मी. लांबीच्या होडीतून तो भाऊ हेन्रीसह हॉलंड व जर्मनीच्या किनाऱ्याने बाल्टिक समुद्रापर्यंत जाऊन आला. वाटेत लागणारी फ्रिझियन बेटे आणि मुख्य भूमी यांमधील समुद्र अतिशय उथळ आहे. ओहोटीच्या वेळी तेथे मैलोगणती वाळू उघडी पडते आणि भरतीबरोबर तिच्यातून अरुंद वाटा निर्माण होतात. मोठ्या जहाजांना या वाटा निरुपयोगी असल्या, तरी सपाट बुडाची होडी वाळूवर टेकवून पुढील भरतीची वाट पाहता येते. या सफरीत ठेवलेल्या नोंदींचा पुढे त्याला उपयोग झाला.

१९०३ मध्ये त्याची ‘द रिडल ऑफ द सँड्‌स’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. फ्रिझियन बेटांमागील याच उथळ पाण्यातून जर्मनी सैन्याने भरलेले पडाव टगबोटींनी ओढून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर उतरविण्याची गुप्त तयारी करीत आहे आणि दोन इंग्रज तरुण आपल्या लहान होडीतून फिरताना तिचा छडा लावतात, असे तिचे कथानक आहे. नकाशे, भरतीच्या वेळा व वाळूच्या दांड्यांची अचूक माहिती यांमुळे कल्पित कथेला प्रत्यक्ष अहवालाचे रूप आले. जर्मनीच्या वाढत्या आरमाराविषयी त्या वेळी इंग्लंडमध्ये चिंता होती, म्हणून कादंबरी अतिशय गाजली. हेरकथेच्या वाङ्‌मयप्रकारातील ती एक आद्य कृती समजली जाते. ब्रँडन व ट्रेंच या दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांना १९१० मध्ये याच किनाऱ्यावर हेरगिरी केल्यावरून जर्मनीत शिक्षा झाली. त्यांनी ही कादंबरी वाचलेली होती.

सैनिकी सेवा व युद्धविषयक लेखन : तत्पूर्वी बोअर युद्ध सुरू होताच चिल्डर्सने स्वयंसैनिकांच्या दलात नाव नोंदविले होते. १९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेत तोफखान्याच्या घोड्यांवरील साधा सैनिक म्हणून त्याने काम केले. तेथून घरी लिहिलेल्या पत्रांवरून ‘इन द रँक्स ऑफ द सी. आय. व्ही.’ (१९००) हे त्याचे पहिले पुस्तक तयार झाले. ‘द टाइम्स’ने काढलेल्या या युद्धाच्या इतिहासाचा पाचवा खंडही (१९०७) त्याचाच आहे. ‘वॉर अँड द आर्म ब्लांश’ (१९१०) या ग्रंथात त्याने घोडदळाची तलवार व भाला ही शस्त्रे आता कालबाह्य झाली आहेत, असे प्रतिपादन केले. ग्रंथाला लॉर्ड रॉबर्ट्‌स यांची प्रस्तावना लाभली असली, तरी घोडदळाच्या अधिकाऱ्यांना त्यातील मत रुचले नाही.

होमरूल व हाउथची शस्त्रे : १९०३ मध्ये लष्करी पथकाबरोबर बॉस्टनला गेला असता त्याची मॉली ऑसगुड या तरुणीशी ओळख झाली व १९०४ च्या जानेवारीत त्यांचा विवाह झाला. बालपणीच्या अपघातामुळे तिला चालणे कठीण होते, परंतु होडीचे सुकाणू ती कुशलतेने सांभाळी. तिच्या आईवडिलांनी या दांपत्याला ‘ॲस्गार्ड’ ही सु. १५·५ मी. लांबीची, दोन डोलकाठ्यांची नौका भेट दिली. नॉर्वेतील प्रसिद्ध नौकारचनाकार कॉलिन आर्चर याने ती १९०५ मध्ये बांधली.

तोपर्यंत चिल्डर्स आयर्लंड हे ब्रिटनशी संलग्नच राहावे अशा मताचा होता. १९०८ मध्ये आयर्लंडमधील सहकारी चळवळीचे काम पाहून परतल्यावर त्याचे मत पालटले. आयर्लंडला होमरूल म्हणजे अंतर्गत स्वराज्य मिळाले पाहिजे, असे तो म्हणू लागला. मराठी वाचकांना लोकमान्य टिळकांच्या १९१६ च्या चळवळीमुळे परिचित असलेली ही संज्ञा मूळ आयर्लंडच्या राजकारणातील होय. १९१० मध्ये त्याने संसदेची नोकरी सोडली व ‘द फ्रेमवर्क ऑफ होमरूल’ (१९११) हा ग्रंथ लिहिला. आयर्लंडला करवसुलीसह वसाहतीच्या दर्जाचे संपूर्ण स्वराज्य द्यावे, ही मागणी त्याने तीत घटनात्मक युक्तिवादाने मांडली.

एप्रिल १९१४ मध्ये अल्स्टरच्या होमरूलविरोधी स्वयंसैनिकांनी लार्न येथे सु. २५,००० बंदुका चोरून उतरविल्या. त्यास उत्तर म्हणून होमरूलवादी आयरिश स्वयंसैनिकांसाठी हँबर्ग येथे १,५०० जुन्या माउझर बंदुका खरेदी करण्यात आल्या. जुलैमध्ये बेल्जियमच्या किनाऱ्याजवळ, भर समुद्रात, टगबोटीवरून त्यांपैकी ९०० बंदुका व २९,००० काडतुसे ‘ॲस्गार्ड’वर चढविण्यात आली. नौकेवर चिल्डर्स, त्याची पत्नी, मेरी स्प्रिंग राइस, गॉर्डन शेपर्ड व डोनेगॉलचे दोन कोळी एवढीच माणसे होती. खालची खोली बंदुकांनी भरून गेल्यामुळे त्यांच्यावरच गाद्या पसरून झोपावे लागे. वादळाला तोंड देत ही नौका २६ जुलै १९१४ रोजी ठरल्या दिवशी डब्लिनजवळील हाउथ बंदरात पोहोचली आणि सु. अर्ध्या तासात माल उतरविला गेला. त्याच संध्याकाळी डब्लिनमध्ये परतणाऱ्या ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळीबार केला व त्यात माणसे मृत्युमुखी पडली. हाउथच्या बंदुका १९१६ च्या ईस्टरच्या उठावात वापरल्या गेल्या.

पहिले महायुद्ध : हाउथच्या घटनेनंतर दहा दिवसांच्या आतच ब्रिटन महायुद्धात उतरले. लहान राष्ट्रांच्या रक्षणाचे हे युद्ध आहे, अशा समजुतीने चिल्डर्स आरमाराच्या स्वयंसेवक राखीव दलात दाखल झाला. जर्मन किनाऱ्याची त्याची माहिती आता आरमाराला हवी होती. ‘एंगडाइन’ या जलविमानवाहू जहाजावर त्याने वैमानिकांना किनारा ओळखण्याचे शिक्षण दिले आणि २५ डिसेंबर १९१४ रोजी कुक्सहाफनवरील हल्ल्यात त्याने स्वतः विमानातून मार्गदर्शकाचे काम केले. पुढे गॅलिपोलीच्या मोहिमेतही तो होता. १९१७ मध्ये त्याला शौर्यपदक मिळाले. युद्ध संपले तेव्हा तो हवाई दलात मेजर होता.

तह व मतभेद : ईस्टरच्या उठावानंतरच्या फाशी-शिक्षा व दडपशाही यांमुळे त्याचा ब्रिटिश राजवटीवरील विश्वास उडाला. १९१९ मध्ये तो डब्लिनला स्थायिक झाला व आयरिश प्रजासत्ताकाच्या प्रचारकार्याचा प्रमुख बनला. १९२१ मध्ये तो डॉल एरन या आयरिश प्रतिनिधिगृहावर निवडून आला. त्याच वर्षी लंडनला वाटाघाटींसाठी गेलेल्या आयरिश शिष्टमंडळाचा तो सचिव होता. मायकेल कॉलिन्स व आर्थर ग्रिफिथ यांनी ६ डिसेंबर १९२१ रोजी तहावर सह्या केल्या. रॉबर्ट बार्टननेही नाइलाजाने सही केली. चिल्डर्सने मात्र तहाला कसून विरोध केला.

त्याच्या विरोधाचा भर राजनिष्ठेच्या शपथेइतकाच संरक्षणविषयक कलमांवर होता. आयरिश किनाऱ्याचे सागरी संरक्षण तूर्त ब्रिटनकडे राहावयाचे होते, काही बंदरांत ब्रिटनला शांततेच्या काळातही सोयी मिळावयाच्या होत्या आणि युद्धाच्या वेळी ब्रिटन मागेल त्या सोयी देणे आयर्लंडवर बंधनकारक होते. ज्या देशाची बंदरे दुसऱ्याच्या युद्धात वापरली जातात त्याला तटस्थ राहता येत नाही, म्हणून हे स्वातंत्र्य नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. हा युक्तिवाद जितका कायदेपंडिताचा होता, तितकाच दर्यावर्द्याचाही होता. ७ जानेवारी १९२२ रोजी डॉलने ६४ विरुद्ध ५७ मतांनी तह मंजूर केला. त्यानंतरच्या एका चर्चेत ग्रिफिथने चिल्डर्सला इंग्रज म्हणून भर सभागृहात हिणविले. जन्माने इंग्रज म्हणून आयर्लंडमध्ये आणि देशद्रोही म्हणून इंग्लंडमध्ये, असा तो दोन्हीकडे संशयास्पद ठरला.

अटक, खटला व मृत्यू : २८ जून १९२२ रोजी यादवी युद्धाला तोंड लागले. चिल्डर्स तहविरोधकांचे वृत्तपत्रक काढीत दक्षिणेत फिरत राहिला. प्रत्यक्ष लढाईची सूत्रे त्याच्याकडे नव्हती, पण प्रत्येक घातपातामागे त्याचाच मेंदू आहे, असा सरकारपक्षाचा समज होता. ऑगस्टमध्ये ग्रिफिथ वारला व कॉलिन्स मारला गेला. त्यानंतर सरकारचे धोरण अधिक कठोर झाले. परवानगीवाचून शस्त्र बाळगणाऱ्यालाही देहान्ताची शिक्षा देण्याचा अधिकार लष्करी न्यायालयांना देण्यात आला. मात्र तो संसदेच्या कायद्याने न देता डॉलच्या ठरावाने दिला होता.

१० नोव्हेंबर रोजी चिल्डर्सला तो ज्या घरात वाढला त्या ग्लेंडलॉक हाउसमध्येच पकडण्यात आले. त्याच्याजवळ एक लहान पिस्तूल सापडले. ते त्याला कॉलिन्सने पूर्वी भेट दिलेले होते. १७ नोव्हेंबरला लष्करी न्यायालयापुढे त्याचा खटला बंद दाराआड चालला. आठ वर्षांपूर्वी नऊशे बंदुका उघड दिवसा उतरविणाऱ्याला एका पिस्तुलावरून देहान्ताची शिक्षा झाली.

त्याच्या वकिलांनी हेबिअस कॉर्पसचा म्हणजे बंदी-प्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. तो सर चार्ल्‌स ओकॉनर या न्यायाधीशापुढे आला. याच न्यायाधीशाने १९२१ च्या जुलैमध्ये ब्रिटिश सेनेविरुद्धच्या ईगन खटल्यात लष्करी न्यायालयाला देहान्ताची शिक्षा देण्याचा अधिकार नाही, असा निर्णय दिला होता. चिल्डर्सच्या प्रकरणात मात्र देशात प्रत्यक्ष युद्धस्थिती असल्याने नागरी न्यायालयाला हस्तक्षेप करता येत नाही, असे सांगून त्याने २३ नोव्हेंबर रोजी अर्ज फेटाळला. वकिलांनी अपील दाखल केले. त्याची सुनावणी होण्यापूर्वीच, २४ नोव्हेंबरच्या सकाळी, डब्लिनमधील बेगर्स बुश बराकीत त्याला गोळ्या घालण्यात आल्या. आदल्या भेटीत त्याने आपल्या सोळा वर्षांच्या मुलाकडून, शिक्षेवर सही करणाऱ्या प्रत्येकाशी तू हस्तांदोलन करशील, असे वचन घेतले होते. मृत्यूपूर्वी त्याने स्वतः गोळीबार करणाऱ्या सैनिकांशी हस्तांदोलन केले.

मूल्यमापन : चिल्डर्सच्या चरित्रकारांना त्याच्या मतांतील बदल हा मुख्य प्रश्न वाटत आला आहे. त्याचा हट्टी स्वभाव व तडजोडीविषयीची अढी त्याच्या मित्रांनाही जाणवे. तथापि बंदरांविषयीचा त्याचा इशारा पुढील इतिहासाने खरा ठरविला. १९३८ च्या करारान्वये ब्रिटनने ती बंदरे परत केली, म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात आयर्लंडला तटस्थ राहणे शक्य झाले. अपील प्रलंबित असताना शिक्षा अंमलात आणण्याच्या कृतीचे समर्थन तातडीच्या गरजेने केले गेले. पण कायद्याचे राज्य स्थापन करण्यासाठी कायद्याचाच मार्ग अर्ध्यावर तोडावा काय, हा तिने उपस्थित केलेला प्रश्न सुटलेला नाही.

त्याचा मुलगा अर्स्किन हॅमिल्टन चिल्डर्स (१९०५–७४) हा १९७३ मध्ये आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला व त्या पदावर असतानाच वारला. ‘ॲस्गार्ड’ ही नौका आयरिश सरकारने १९६१ मध्ये विकत घेतली. काही काळ तिच्यावर तरुणांना नौकानयनाचे शिक्षण दिले जाई. जीर्णोद्धारानंतर २०१२ पासून ती डब्लिन येथे राष्ट्रीय संग्रहालयाच्या ज्या विभागात ठेवलेली आहे, ती जुनी बराक मायकेल कॉलिन्सच्या नावाने ओळखली जाते.